पाढ्याची धाव

९ डिसेंबर. शाळेच्या मैदानावर मी पांढऱ्या फक्कीनं धावपट्टीच्या रेषा मारत होते. क्रिकेटवाल्यांनी आदल्या दिवशी सगळ्या रेषा पुसून टाकल्या होत्या आणि मंगळवार म्हणजे मुलींच्या फेऱ्या: चारशे मीटर जोरात, मग चालत विश्रांती, मग पुन्हा जोरात. भोकरदनच्या या शाळेत मी खेळ शिकवते.

गुरुवारचं वेगळं. त्या दिवशी मुली रस्त्यानं एकसारख्या वेगात पळतात आणि मी शेजारून स्कुटी चालवत त्यांना सत्तावीसचा पाढा म्हणायला लावते. तुकड्यातुकड्यांनी म्हणता आला तर वेग बरोबर. एका दमात आला तर आळस. दुण्यावरच अडकली तर जास्त होतंय. मुली त्याला पाढ्याची धाव म्हणतात.

आठशे मीटरची माझी सगळ्यात चांगली मुलगी नववीत होती. त्या मंगळवारी दुसऱ्याच फेरीत तिचं पाऊल वाकडं पडायला लागलं. खाली बसवून नडगीवरून अंगठा फिरवला. एका जागी दाबल्यावर तिनं माझं मनगटच धरलं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"सकाळी काय करतेस?"

तिची मैत्रीण म्हणाली, "मॅडम, तिचे पप्पा रोज मोटारसायकलमागं पळवतेत तिला. जालना रोडला. फुल स्पीड."

आमच्याकडे पोलीस भरतीची पोरं असंच करतात. रोज जीव तोडून पळायचं, रोज घड्याळ लावायचं. वडिलांनी तेच पाहिलेलं.

ते तिला न्यायला आले, तेव्हा मी सांगितलं: हाड दुखावलंय, एक्स-रे काढा, पळणं बंद, विभागीय स्पर्धाही नाही.

"स्पर्धा तोंडावर आली अन् तुम्ही बंद म्हणून राह्यल्या?"

"हाड मोडलं तर वर्ष जाईल."

"मॅडम, पाढे म्हणून कोणाला मेडल भेटलं? त्याला गणिताचे सर हायेत ना."

मैदानावरची पोरं हसली. एरवी मीही हसले असते.

त्यांनी मुलीला विचारलं, "दुखतं का गं?"

"न्हाई पप्पा. बिलकुल न्हाई."

"झालं मंग. तुम्ही स्पर्धेतून नाव काढलं तर सांगा, जालन्याच्या अकादमीत टाकतो. तिथं रोज पळवतेत."

ते गेल्यावर उरलेली फक्की पोत्यात भरली. नाव काढलं तर पोरगी अकादमीत, ठेवलं तर स्पर्धेत. नडगी दोन्हीकडे तीच. मुख्याध्यापक म्हणाले, "पालकच तयार नाहीत, आपण काय करणार?" संध्याकाळी तिच्या आईला फोन केला.

"मी सांगून थकले, मॅडम," ती म्हणाली. "तुमचं तरी ऐकतील असं वाटलं होतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जालना रोडला गेले. पुढं मोटारसायकलचा लाल दिवा, मागं ती, उजवा पाय अर्धवट टेकत. मी शेजारी स्कुटी घेतली.

"पाढा म्हण."

"सत्तावीस एके सत्तावीस," ती म्हणाली, आणि पुढं श्वासच उरला नाही. वडिलांनी आरशात पाहिलं. गाडी थांबवली नाही. त्या रस्त्याला खड्डे फार. मागून उजेड टाकला की तिचीच सावली तिच्या पायांपुढं पडत होती, म्हणून मी बाजूलाच राहिले आणि स्कुटीचा दिवा तिच्या पावलांपुढं धरून चालवत राहिले.