तुसाचा रोलर

मंगळवारी सकाळी आमच्या गावच्या भातगिरणीत नवा रबरी रोलर बसला. जुना झिजल्यामुळे तांदळाची कणी होत होती. शहरातून रोलर येईना, म्हणून टायरला रबर चढवणाऱ्या महादूने फाटक्या टायरांचा चुरा आणि गिरणीमागच्या तुसाची राख एकत्र शिजवून हा बनवला.

पहिलं पोतं सगुणाबाईंचं. लेकीच्या लग्नाच्या अक्षता त्यांना घरच्या भाताच्याच हव्या होत्या, आणि अक्षतांना तुटका दाणा चालत नाही.

"महादू, तांदूळ काळा निघाला तर मांडवात तुलाच उभा करीन."

"मामी, टायर वऱ्हाडाच्याच ट्रकचा आहे. लग्नाची सवय आहे त्याला."

पट्टा फिरला. दाण्याला जपणारं तूस जळून राख झालं होतं, आणि तीच राख आता दुसऱ्या दाण्याचं तूस अलगद उतरवत होती. गिरणीमागच्या तुसाच्या त्या ढिगाशेजारून मी रोज जातो. त्यात इतका हळुवार हात असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

सगुणाबाईंनी तांदूळ सुपात पसरून बोटांनी चाळला. काळेपणा नव्हता. पहिल्या मुठीत कणी नव्हती. ती मूठ त्यांनी पदराच्या गाठीत बांधली.