हलणारी मान

कुणी तुमच्याशी बोलत असताना तुमची मान हलते का? खरं सांगा. तंजावरात राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं तिथून निघून आलेल्यांना, दोघांनाही विचारते आहे.

वृत्तवाहिनीतल्या नोकरीसाठी मी पुण्याला निघाले तेव्हा आई, अप्पा तंजावर स्टेशनावर आले होते. डबा अप्पांच्या जुन्या पत्रकांत गुंडाळलेला. आई म्हणाली, "तिथं सगळेच मराठी. तुज काय भय?" गाडी हलली तशी अप्पांनी मान डावी-उजवीकडे डोलावली. आमच्याकडे त्याचा अर्थ होय. जा, ऐकतो आहे, कळलं.

अप्पा कारकून, पण रविवारी पत्रकवाले. कालव्यात टाकलेला कचरा, गावाची बंद झालेली बस, भातलावणीला जाणाऱ्या बायकांची मजुरी. पत्रकं तमिळमध्ये छापायची आणि जवळच्या पापनाशम गावच्या बसस्टँडवर वाटायची. त्यांचा एक नियम होता: दोन ओळी वाचून दाखवल्याशिवाय कागद कुणाच्या हातात द्यायचा नाही. दहाव्या वर्षापासून वाचायचं काम माझं. "पुढच्यांकडं बघू नको," ते म्हणत. "मागं सायकलवर एक पाय टेकून उभा आहे ना, त्याला सांग. त्याची मान हलली की पोचलं."

टीव्हीवर बोलायचं कसं, हे मी तिथेच शिकले. वाक्य लहान ठेवायचं. मोठ्याने ओरडायचं नाही, हॉर्न थांबेपर्यंत थांबायचं. शंभरांशी बोलायचं असलं तरी एकालाच सांगायचं. वृत्तवाहिनीत शिकवणाऱ्या मॅडमनी हेच सगळं नव्या नावांनी सांगितलं, तेव्हा मनात हसू आलं. देवनागरी मी कॉलेजात गेल्यावर शिकलेली, तरी प्रॉम्प्टरवरच्या ओळी पळू लागल्या की माझा श्वास अडखळत नसे. बसस्टँडची पुण्याई.

अडलं ते मानेपाशी. वार्ताहर थेट बोलत असला की माझी मान आपोआप डोलायची. मॅडम म्हणाल्या, "अगं, तू नाही-नाही म्हणतेयस! माणूस सांगतोय गावात पूर आला आणि तू म्हणतेस खोटं!" सगळे हसले, मीही हसले. मग डोक्यावर पुस्तक ठेवून सराव केला. महिनाभरात मान खांबासारखी झाली. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला, हे लिहिताना लाज वाटते.

एका रविवारी व्हिडिओ कॉलवर अप्पा नवं पत्रक वाचून दाखवत होते. मध्येच थांबले. "ऐकतीस की नाहीं गं?"

"ऐकतेय की, अप्पा."

"मान हलत नाहीं तुझी."

मागून आई म्हणाली, "अय्यो, ती आता टीव्हीतली बाई झाली. तिज जरा सोडा." अप्पांनी पत्रक घडी करून खिशात घातलं. उरलेलं वाचलंच नाही.

त्या पावसाळ्यात संध्याकाळच्या बातमीपत्रावर माझी परीक्षा चालू होती. जमलं तर जागा कायम. पुरातून शाळेत हलवलेली एक शेतमजूर बाई वार्ताहराच्या शेजारी उभी होती. त्याच्या फोनवर तिला मी दिसत होते. दोन वाक्यं बोलून ती थांबली. "ताई, ऐकताय ना?"

मी 'हो' म्हटलं. तरी ती गप्पच. कानात कंट्रोल रूममधून आवाज आला, "पुढे चल, वेळ नाही." मला घडी होऊन खिशात गेलेलं पत्रक आठवलं. मी मान सोडली. डोलू दिली, पापनाशमच्या सायकलवाल्यासारखी. तिला त्याचा अर्थ कसा कळला, कोण जाणे. ती बोलू लागली: शाळेत प्यायला पाणी नाही, एक बाळंतीण बाकावर झोपली आहे, अजून कुणी विचारायला आलेलं नाही. ती बोलायची थांबेपर्यंत मी थांबले.

संध्याकाळचं बातमीपत्र माझ्या हातून गेलं. संपादक म्हणाले, "प्रेक्षकांना वाटलं, तू तिला नाकारत होतीस." मी म्हटलं, "ती बोलत राहिली, सर." आता मी दुपारच्या बातम्यांना बसते. मान हलते. प्रेक्षकांची तक्रारीची पत्रंही येतात.

अप्पांनी ते पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल करून एवढंच म्हणाले, "पोचलं." आणि खिशातलं पत्रक काढून पहिल्या ओळीपासून वाचायला बसले.

घर कुठे, असं इथे मला विचारतात. तंजावर म्हटलं की लोक माझे उच्चार तपासतात. माझ्यापुरतं उत्तर सापडलं आहे: माझं ऐकताना जिथे कुणाची मान डोलते, ते घर.

म्हणून एक मागणं आहे. हे वाचून झालं की ज्यांना सोडून आलात किंवा जे तुम्हाला सोडून गेले, त्यांना फोन लावा. चेहरा दिसेल असा लावा. त्यांना बोलू द्या, मध्ये तोडू नका. आणि ऐकताना मान हलवा.