दस्तगीरचा उजवा हात

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. मुलांना नाही. ज्या देवापुढं मी रोज हात जोडतो, त्यालाही हे कधी शब्दांत सांगितलेलं नाही. तुम्ही ऐकणारे पहिले. तुम्हीच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर ही गोष्ट ओठांपर्यंत येते आणि परत जाते — कितीदा गेली, काय सांगू.

लोक मला वकीलसाहेब म्हणतात. रस्त्यानं जाताना उठून उभे राहतात. त्यांनी कशासाठी उठायचं, ते आता ऐका.

आमचं गाव गडहिंग्लजजवळ. पाटीलकी आमच्या घरात. शिकायला मला कोल्हापुरात आत्याकडं ठेवलं होतं. महाराज तेव्हा तरुण होते. बहुजनांच्या पोरांनी शिकावं म्हणून शहरात वसतिगृहं उघडत होती. शाळेत मी पहिला. दरवर्षी पहिला. आणि माझ्या मागोमाग, दरवर्षी दुसरा — दस्तगीर. शिकलगाराचा पोरगा. त्याचा बाप तलवारींना, कात्र्यांना, न्हाव्याच्या वस्तऱ्यांना धार लावायचा. आम्ही एका बाकावर बसायचो, संध्याकाळी एकाच तालमीत मातीत उतरायचो. दोस्त होता का माझा? होता. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं तुम्हाला हलकं वाटणार नाही.

मग मॅट्रिक आली. शाळेतले मास्तर आमचे होते. कुठून काय विचारतील हे मला पाठ होतं, आणि मी पाठच करायचो. मॅट्रिकचे पेपर मुंबईहून यायचे. ज्यानं ते काढले त्याला मी कोण, कुठला, काही पत्ता नव्हता. इंग्रजीचा पेपर हातात आला आणि डोळ्यांपुढं अक्षरं नुसती वळवळायला लागली. घामानं कागद भिजला. शेजारच्या रांगेत दस्तगीरची लेखणी चालल्याचा आवाज येत होता — एकसारखा, न थांबता.

निकाल लागला. मी कसाबसा काठावर पास झालो. दस्तगीर वर, फार वर. शाळेत त्याला खांद्यावर घेतलं. खांदा देणाऱ्यांत मीही होतो.

गावी गेलो तर वडील गोठ्यात उभे होते. आसूड हातातच होता. त्यांनी निकाल विचारला, मी सांगितला. मग पाठ सोलून निघेस्तोवर त्यांनी मारलं. आई दारात उभी होती, आत गेली. शेवटी धापा टाकत म्हणाले, "दरबाराची जागा मिळाली तर शीक. न्हायतर उद्यापासनं औत धर. माझा एक पै त्या कॉलेजात जायचा न्हाय." मार मी खाल्ला म्हणून पुढचं केलं, असं मी म्हणत नाही. मार तर सगळेच खात होते.

दरबाराची जागा म्हणजे वसतिगृहात राहणं आणि फी माफ. आमच्या शाळेतल्या एकाच मुलाला ती मिळायची. कॉलेजचे प्रिन्सिपॉलसाहेब पेचात पडले: शाळेचे सगळ्या वर्षांचे गुण माझे, मॅट्रिकचे गुण दस्तगीरचे. मास्तरांनी माझी बाजू घेतली. म्हणाले, एका परीक्षेवरून पोरगं जोखू नका. साहेबांनी तोड काढली. दोघांनी सोमवारी यायचं, त्यांच्यासमोर बसून इंग्रजीत निबंध लिहायचा. सरस लिहील तो आत.

मला तेव्हाच कळलं की गेलं. साहेबांसमोर मी काय लिहिणार होतो?

रविवारी संध्याकाळी तालमीत गेलो. दस्तगीर आधीच आला होता, माती उकरत होता. मला बघून हसला. म्हणाला, "उद्या कायबी होऊ दे, आज धर की." आम्ही भिडलो. पोरं कडेला बसून बघत होती. वस्ताद दाराशी कुणाशी तरी बोलत होते.

तो माझ्यापेक्षा हलका. मी त्याला खाली घेतला, तोंड मातीत, आणि त्याचा हात पाठीवर चढवला. हा डाव रोजचाच. हात चढवायचा, समोरचा "सोड" म्हणतो, सोडायचं. पण चढवताना मी निवडला — उजवा. डावा जवळ होता. डावा माझ्या हाताखालीच होता. तो सोडून मी उजवा ओढून घेतला.

तो म्हणाला, "सोड."

मी वर चढवला.

"सोड की रं. मोडंल."

मला वाटतं, इथं थांबता आलं असतं. त्याचा श्वास मला छातीखाली जाणवत होता. त्याच्या कानात माती गेली होती, ती दिसत होती. इतकं सगळं ज्याला दिसतं, तो भानावर नव्हता असं कोण म्हणेल? मी गुडघा त्याच्या पाठीवर रोवला आणि सगळं अंग त्या हातावर टाकलं. कोपरातून आवाज आला. ओलं लाकूड मोडावं तसा. तो ओरडला नाही. त्याच्या तोंडातून नुसता वारा निघाला. आणि मी — हे सांगायचंच म्हणून बसलोय — मी आणखी एक पीळ दिला. मोडल्यावर. नीट बसू नये म्हणून.

वस्ताद धावत आले. मी बाजूला होऊन रडत होतो. खोटं नव्हतं ते रडणं, पण वेळेवर आलं होतं.

दस्तगीर मातीत बसला होता, हात भलत्याच दिशेला लोंबत होता. तो माझ्याकडं बघून सरळ म्हणाला, "मुद्दाम केलंय ह्यानं. मी दोनदा सोड म्हनलो."

वस्तादांनी मला हौद्यातली, आम्ही कुस्ती खेळायचो त्या खड्ड्यातली, माती उचलायला लावली. त्या मातीची शपथ कुणी खोटी घेत नसे. मी मूठ भरली आणि म्हणालो, "त्यो काय बोलला न्हाय. मला ऐकूच आलं न्हाय."

पाटलाच्या पोरानं माती उचलली म्हटल्यावर शिकलगाराच्या पोराचं कोण ऐकणार? तालमीवर आळ घेतला म्हणून पोरं त्याच्यावर तुटून पडली. लाथांनी, पट्ट्यानं. मोडक्या हातावर पडल्याही असतील. मला मोजायचं नव्हतं. एकानं त्याचे केस धरून तोंड भिंतीवर आपटलं, तेव्हा वस्तादांनी आवरलं. म्हणाले, "खोटं बोलणाऱ्याला हितं जागा न्हाय." त्याला बाहेर काढला. त्या गर्दीत मी हात उचलला नाही. गरजच नव्हती.

सोमवारी तो आला. मला वाटलं नव्हतं येईल. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला, हात फळीला बांधून गळ्यात अडकवलेला, अंगात ताप. साहेबांनी विचारलं. त्यानं इंग्रजीत उत्तर दिलं, चांगल्या इंग्रजीत, की कुस्तीत मोडला. डाव्या हातानं लिहीन. टाक डाव्या हातात धरला. दोन ओळी वेड्यावाकड्या उमटल्या, मग शाई सांडली, मग तो खुर्चीवरून घसरून खाली पडला. शिपायांनी त्याला उचलून व्हरांड्यात निजवला. साहेब हळहळले. म्हणाले, पुढच्या वर्षी ये, पण जागा कुणासाठी थांबत नाही.

आणि मी? मी लिहीत होतो. व्हरांड्यात तो कण्हत होता आणि मी निबंध पूर्ण केला. बरा झाला, असं साहेब म्हणाले.

हात वाकडाच बसला. टाक धरता येईना, बापाच्या धार लावायच्या सहाणेवर पातंही दाबता येईना. तो मामाकडं कुरुंदवाडला गेला, एवढंच कानावर आलं. मी बी.ए. झालो, वकील झालो. अधूनमधून त्याची आठवण यायची. यायची तेव्हा मी दुसरं काही काम काढायचो.

पुष्कळ वर्षांनी एका दाव्याच्या कामासाठी कुरुंदवाडला गेलो होतो. बाजारात तंबाखू घ्यायला एका दुकानासमोर उभा राहिलो, तर दुकानदार माझ्याकडं बघतच राहिला. डाव्या हातानं तागडी खाली ठेवली. दस्तगीर. मी पळालो नाही, याचं मलाच नवल वाटतं. त्यानं बसायला चौरंग दिला. मागं त्याची मुलगी तंबाखू निवडत होती, चौदा-पंधराची असेल.

तो शांतपणे म्हणाला, "पावणं, एकच काम हाय. पैसा नको, माफी नको. माझी बायको कोल्हापूरची. तिच्या माहेरात अजून म्हनत्यात, खोटं बोलला म्हणून तालमीतनं हाकलला. पोरीनंबी तेच ऐकलंय. तिला सांग, मी खोटं बोललो नव्हतो. तिला एकटीला. बाकी कुणाला कळणार न्हाय."

पोरीनं हातातलं काम थांबवलं. माझ्या तोंडाकडं बघू लागली.

बाहेर माझा पक्षकार उभा होता, त्याचा कारकून उभा होता. पण ते नसते तर मी बोललो असतो का? आता बरोबर कुणी नाही, तरी ही गोष्ट तिच्यासमोर नाही, तुमच्यासमोर सांगतोय.

मी म्हणालो, "दस्तगीर, अपघात होता तो. अजून मनात धरून बसलायस होय?"

आणि त्या मुलीकडं बघून हसलो. समजूतदार, थोर माणसासारखा.

ती मुलगी बापाकडं वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता. लाज होती — बापाची लाज. तिनं मान खाली घातली आणि पुन्हा पानं निवडू लागली. दस्तगीरनं डाव्या हातानं माझी तंबाखू बांधायला घेतली. सुतळी दातात धरली, गाठ सुटली, पुन्हा धरली. मी मदत केली नाही.

पुडी घेतली आणि बाहेर पडलो. पक्षकारानं विचारलं, ओळखीचा का? मी म्हणालो, नाही.