गुलमोहराच्या बियांवर उकळतं पाणी

त्या दिवसांत विदेशी म्हटलं की माझं डोकं तापत असे. स्वदेशीची पत्रकं वाचतच मी मोठी झाले होते; आता स्वतः लिहून सोलापुरात घरोघर वाटत होते. गुलमोहर दूरच्या बेटावरून आलेला, साहेबांनी शोभेसाठी बंगल्यांभोवती लावलेला, हे माझ्या शिक्षक वडिलांनीच मला सांगितलं होतं.

म्हणून शेजारची अक्का, तेलुगू विणकराची बायको, बंगल्याच्या कुंपणाबाहेर पडलेल्या शेंगा ओच्यात भरून आली तेव्हा मी भडकले. तिची अडचण निराळी होती. ही विणकर माणसं गल्लीत ताणा, म्हणजे मागावर चढवायचं उभं सूत, पसरून त्याला खळ लावत. ऊन चढलं की खळ झटकन वाळे, सूत तटातट तुटे आणि सकाळीच काम बंद पडे. तिला गल्लीच्या कडेला सावली हवी होती, तीही लवकर. कडुनिंब लाव, मी म्हटलं. तो मोठा होईस्तोवर माझे डोळे मिटतील, ती म्हणाली.

आधीची दोन वर्षं तिने पेरलेलं एकही बी उगवलं नव्हतं. यंदा उगवलं नाही तर नाद सोडणार होती. बियांचं मडकं आमच्या ओट्यावर ठेवून ती ताण्याकडे गेली. मी चुलीवरचं उकळतं पाणी आणलं आणि मडक्यात ओतलं.

दुसऱ्या दिवशी बिया टचटचीत फुगलेल्या पाहून तिने विचारलं. मी भिजत घातल्या, एवढंच बोलले. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बिया गल्लीच्या कडेला पेरल्या.

मग रोज सकाळी ती नळावरून आणलेल्या पाण्यातलं तांब्याभर त्या मेलेल्या बियांना घाली आणि मी दारातून बघे. तिच्या मागावरचं लुगडं अस्सल स्वदेशी होतं, आणि त्याच मागाची सावली मी मारली होती. आठ दिवसांनी मला राहवलं नाही. जाऊन सगळं सांगितलं.

तिने माझा हात धरून गल्लीच्या कडेला नेलं. मातीतून हिरवे कोंब वर आले होते, एकदोन नव्हे, रांगच.

"मारायला निघालीस व्हय?" ती हसत म्हणाली. "लई कडक साल हाय त्येची. तुझ्या पाण्यानंच फुटली की."

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या दोन गल्ल्यांतल्या बायका बी घेऊन आमच्या दारात आल्या. मी चुलीवर मोठं पातेलं चढवलं.