आधी लिफाफा

दोनसूत काका शुभेच्छापत्रं हातानं बनवायचे, पण सुरुवात लिफाफ्यापासून. अमरावतीत मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचे, त्यामुळे सामान आणायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. पहिल्याच खेपेला मी मोठ्या हौसेनं जाड, खरबरीत कागद घेऊन आले. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "कागद आनला, बरं केलं. आता हे घालू कशात? डोक्यात?"

मग शिकवणी सुरू. लिफाफा पाच बाय सातचा असेल, तर घडी घातलेलं कार्ड लांबी-रुंदीला दोन-दोन सूत कमी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कागद जाड असला किंवा वर फूल चिकटवलं असलं, तर तीन. "कार्डाले आत हलाले जागा पाह्यजे. घट्ट बसलं का निघत नाई." चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त झाले, पण फूटपट्टी काही निवृत्त झाली नव्हती. गल्लीनं नाव ठेवलं ते उगाच नाही.

ते स्वतः दुकानात का जात नाहीत, हे मला महिनाभरानं कळलं. काकूंना विसरण्याचा आजार होता. एकदा काका कात्री आणायला गेले आणि काकू थेट बडनेरा स्टेशनच्या बाकावर सापडल्या. तेव्हापासून चार वर्षं काका घराबाहेर पडले नव्हते. लग्न नाही, बारसं नाही, कोपऱ्यावरचं सलूनसुद्धा नाही. केस मीच कापायचे, वेडेवाकडे. "मी बसते ना काकूंजवळ," म्हटलं, तर म्हणायचे, "तू एकटी दिसली का थे भेते." त्या दोन खोल्यांत माझाच जीव गुदमरायचा.

अकोल्याच्या त्यांच्या मुलीलाही ते बघवेना. तिनं तिकडे वृद्धांना सांभाळणारी एक संस्था शोधली. आईला तिथं ठेवायचं, बाबांनी मुलीकडे राहायचं, भेट दर रविवारी. काका हो म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी जिलबी आणली. काकूंसाठी त्यांनी रोजचं एक, अशी महिन्याची कार्डं करायला घेतली. कुठे चिखलदऱ्याचा घाट, कुठे काकूंची जुनी सायकल. "रोज एक उघडन, तवर रविवार येऊन जाईन."

आणि काका चुकले. सगळीच्या सगळी कार्डं लिफाफ्याच्याच मापाची कापली. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी एक काकूंच्या हातात दिलं. त्या ओढत राहिल्या, कार्ड निघेना. शेवटी रडायला लागल्या. काकांनी लिफाफा फाडला, कार्ड काढून दिलं, काकूंचे डोळे पुसले.

"काका, कापून लहान करू ना. सगळा दिवस आहे हातात."

"कार्ड होईन लहान. पन इथं मी होतो म्हनून काढून देल्लं. तिथं काई अडलं तं इले सांगताबी येत नाई." लगेच मुलीला फोन लावला. "आईले नाई आनत."

मी भांडले, चक्क ओरडले त्यांच्यावर. पुढे माझीच बदली झाली, तीही अकोल्याला. निरोप घ्यायला गेले तरी राग गेला नव्हता. "किती दिवस असं कोंडून घेणार तुम्ही?"

"कोंडलो तं आहोच, पोरी. जीव घुसमटते. इचा रागबी येते मले, खोटं काहून बोलू? पन हे एकटी कोंडल्या जाईन अन् मी मोकळा फिरू? नाई जमत."

काकू माझ्या बॅगकडे बघत होत्या. "हे कुठी चालली?"

"अकोल्याले."

"अन् तुमी?"

"मी कुठी जातो? मी आहो."