प्रूफ वाचायला आलेले हमदानीसाहेब

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वेळा हसलोय. चकवे, पांढऱ्या साडीतल्या बाया, बंद खोलीतले आवाज... मी नागपूरचा, मेकॅनिकल इंजिनियर. वडील शाळेत फिजिक्स शिकवायचे. आमच्या घरात देवघर होतं ते सुद्धा आईच्या हट्टापायी. आजही कोणी विचारलं, भूत असतं का, तर मी नाहीच म्हणेन. कारण मला जो माणूस दिसला तो तेव्हा जिवंत होता.

टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या. कामावरून येऊन लिहितोय, डोळे मिटताहेत.

साल २००८, हिवाळा. जागा – मार्कहॅममधलं एक इंडस्ट्रियल युनिट. एका बाजूला ऑटो बॉडी शॉप, दुसऱ्या बाजूला किचन कॅबिनेटवाला, आणि मधे आमची छपाईची प्रेस. कॅनडात आलो तेव्हा इंजिनियरची नोकरी मिळेल असं वाटलं होतं. सगळीकडे अप्लाय करून झालं. प्रत्येकाला ‘कॅनेडियन एक्स्पीरियन्स’ हवा होता. शेवटी या प्रेसमध्ये लागलो, आणि तिथेच वर्षं गेली. काम सोपं होतं. कॉम्प्युटरवर आलेलं पान बघायचं, त्याचं प्रूफ काढायचं, गिऱ्हाइकाने ओके म्हटलं की अ‍ॅल्युमिनियमची प्लेट काढून मशीनवर द्यायची. मशीनवर विन्सेंट नावाचा चिनी माणूस होता. दिवसभर कानात इअरप्लग घालून उभा, त्यामुळे आमचं बोलणं बहुतेक हातवाऱ्यांनीच.

आमच्याकडे तमिळ, चिनी, फारसी, उर्दू अशी साप्ताहिकं छापली जायची. ग्रोसरीच्या दाराशी फुकट ठेवलेली असतात ना, तीच. मला त्यातली एकही लिपी वाचता येत नव्हती. पान उलटं नाही ना आणि रंग जुळलेत ना, एवढंच मी बघायचो.

उर्दू साप्ताहिकाचे संपादक म्हणजे हमदानीसाहेब. मूळचे लाहोरचे. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. नॉर्थ यॉर्कला एका टॉवरमध्ये मुलीकडे राहायचे. मुलगी सबा दिवसा एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला, आणि उरलेल्या वेळात बापाचं साप्ताहिक कॉम्प्युटरवर लावायची. पानं ई-मेलने यायची, म्हणजे साहेबांनी यायची काही गरज नव्हती. पण दर गुरुवारी दुपारी दोन बस बदलून ते यायचे. लांब तपकिरी कोट, फरची टोपी, जाड भिंगाचा चष्मा. प्रूफ टेबलावर पसरायचे, बोट ठेवून एकेक ओळ वाचायचे. प्लेटा निघेपर्यंत मग आमच्या गप्पा. त्यांचं उर्दू आणि माझं नागपुरी हिंदी. मी ‘मेरेको’ म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर खडा चावल्यासारखं व्हायचं. मला ते कायम ‘वझलवारसाहब’ म्हणायचे. या देशात माझं आडनाव पूर्ण उच्चारणारे ते एकटेच.

त्यांचं आयुष्य मला असं तुकड्यातुकड्यांनी कळलं. वडील बुकबाइंडर. हे सतराव्या वर्षी एका सायंदैनिकात प्रूफ तपासायला लागले आणि त्याच पेपरचे पुढे संपादक झाले. लष्करी राजवट आली, तेव्हा रोज पानं सरकारी कचेरीत दाखवायला न्यावी लागत. जी बातमी अधिकारी काढायचा, तिथे हे कोरी जागा सोडून पेपर छापायचे.

‘‘लोक कोरी जागाच आधी बघायचे, वझलवारसाहब,’’ ते म्हणाले होते. ‘‘माझे अग्रलेख कोणी इतक्या लक्षपूर्वक वाचले नाहीत.’’

मग कोरी जागा सोडायलाही बंदी आली. साहेब दोनदा तुरुंगात गेले. बाहेर आले तर खुर्चीवर दुसरा बसलेला. त्यानंतर त्यांनी पुस्तकं लिहिली – दोन कादंबऱ्या आणि एक तुरुंगाबद्दल. त्यातल्या एकावर बंदी आली, आणि बाकीची दोन कोणी वाचली नाहीत, असं ते स्वतःच हसत सांगायचे. बायको वारल्यावर मुलीने स्पॉन्सर करून इथे आणलं. इथे काय, सुरुवातीला एका पार्किंगमध्ये काचेच्या खोक्यात बसून गाड्या सोडायचे. मग हे साप्ताहिक. इमिग्रेशन वकील, हलाल मीट, भाड्याने बेसमेंट – या जाहिरातींच्या मधे उरेल तेवढ्या जागेत त्यांचा अग्रलेख.

एकदा बाहेर इतका स्नो होता की बस बंद झाल्या, म्हणून मी त्यांना घरी सोडायला निघालो. गाडी मुंगीच्या चालीने चालली होती. मी सहज विचारलं, ‘‘साहेब, फुकट पेपर आहे. लोक त्यात भाजी गुंडाळतात. तुम्ही एवढं अक्षर न अक्षर कशाला वाचता?’’

 ते म्हणाले, लाहोरला त्यांच्या पेपरात एका मोर्चाच्या बातमीत एका विद्यार्थ्याचं नाव चुकलं होतं. नुक्ता, म्हणजे अक्षराच्या वरचं किंवा खालचं टिंब, जागच्या जागी पडलं नाही आणि नाव भलत्याचंच झालं. त्या नावाचा मुलगा त्याच कॉलेजात होता. तो मोर्चात नव्हताच. पोलीस त्याला घेऊन गेले.

‘‘मग?’’

‘‘परत नाही आला. त्याची आई ऑफिसला यायची. शिव्या नाही द्यायची. नुसती बसायची.’’ मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘‘मतं चुकली तर चुकली. नाव चुकता कामा नये.’’

आता त्या गुरुवारबद्दल.

सकाळी नेहमीप्रमाणे पानांची ई-मेल आली. सोबत सबाची एकच ओळ होती, लवकर छापा. प्रूफ काढून टेबलावर ठेवलं आणि चिनी पेपरच्या मागे लागलो. त्या आठवड्यात आमचा एक माणूस सोडून गेला होता, त्यामुळे दोघांचं काम माझ्यावर. दुपारी जेवलोसुद्धा नव्हतो. मान वर केली तर हमदानीसाहेब टेबलाशी उभे.

मला काहीच वेगळं वाटलं नाही. गुरुवार होता, ते यायचेच. मी ‘‘सलाम साहेब’’ म्हटलं आणि हातातलं काम चालू ठेवलं. नंतर आठवायला लागलो तेव्हा एवढंच लक्षात आलं की त्यांनी चष्मा घातला नव्हता. चष्म्याशिवाय त्यांना माझा चेहरा दिसत नसे, आणि ते तर भराभर वाचत होते. बोट झरझर ओळींवरून फिरत होतं, एखाद्या तरुण माणसाचं फिरावं तसं.

मग ते बोट पहिल्या पानावर थांबलं.

‘‘वझलवारसाहब.’’

मी जवळ गेलो. पानावर एका तरुणाचा फोटो आणि खाली बातमी. त्यांनी मथळ्यातल्या एका शब्दावर बोट ठेवलं होतं.

‘‘नाम ग़लत है. नुक़्ता ऊपर होना चाहिए.’’

आवाज त्यांचाच. थोडा दमलेला, पण तो नेहमीच तसा असायचा.

मी म्हटलं, ‘‘मी सबाला फोन करतो, नवीन पान मागवतो.’’ फोन माझ्या जाकिटात होता, जाकीट पलीकडच्या हुकाला. तो घेऊन वळलो तर टेबलाशी कोणी नाही. वाटलं, वॉशरूमला गेले असतील.

सबाने फोन उचलला. मी म्हटलं, ‘‘साहेब म्हणताहेत पहिल्या पानावर नाव चुकलंय, नुक्ता वर पाहिजे.’’

तिने विचारलं,

‘‘कोण साहेब?’’

‘‘तुझे अब्बा. इथे आलेत ना.’’

‘‘अंकल...’’ तिचा आवाज एकदम बारीक झाला. ‘‘अब्बू आयसीयूमध्ये आहेत. मंगळवारी स्ट्रोक आला. मी आत्ता त्यांच्याजवळ बसलेय. डोळे उघडलेले नाहीत.’’

 तिने विचारलं, कुठलं पान, कुठली बातमी? मी फोटोचं वर्णन केलं. तिने शेजारी बसलेल्या नवऱ्याला लॅपटॉप उघडायला लावलं. मी फोन कानाला लावून उभा होतो, विन्सेंट मशीन पुसत होता. मग ती म्हणाली, ‘‘नाव खरंच चुकलंय.’’

बातमी एका पोराची होती. गोळीबाराच्या केसमध्ये पकडलेला. नाव नसीर. पहिल्या अक्षराचं टिंब वर असलं की नसीर, खाली आलं की बसीर. दवाखान्याच्या धावपळीत सबाने पान लावलं होतं आणि टिंब खाली गेलं होतं. आणि त्याच आडनावाचा बसीर त्यांच्याच वस्तीत होता. त्याच वयाचा. ज्या प्लाझात हा पेपर सगळ्यात जास्त जायचा, तिथे त्याचं मोबाइल रिपेअरचं दुकान होतं, घरी दोन लहान मुली.

नवीन पान आलं, नसीर छापलं गेलं. बसीरला हे आजतागायत माहीत नाही.

वॉशरूममध्ये कोणी नव्हतं. बाहेर पार्किंगमध्ये कोणी नव्हतं. प्रूफवर त्या शब्दाभोवती लाल पेन्सिलीचा गोल होता. पेन्सिल माझ्याच टेबलावरची. तो गोल मी काढला असेल का? असेलही. पण मला त्या लिपीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि पकडलेल्या पोराचं नाव नसीर आहे हे मला कोण सांगणार? विन्सेंटला विचारलं, तू कोणाला पाहिलंस का? तो म्हणाला, तू टेबलावर वाकून बोलत होतास एवढं पाहिलं, वाटलं फोनवर असशील. ते प्रूफ त्यानेच दुसऱ्या दिवशी बाकीच्या रद्दीबरोबर रिसायकलिंगला टाकलं. मी जपून ठेवायला हवं होतं, नाही ठेवलं.

घरी मेधाला, म्हणजे बायकोला, सांगितलं. ती म्हणाली, ‘‘तू आधी झोप नीट घे.’’ आमची मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, दॅट्स जस्ट स्ट्रेस.’’ मी वाद घातला नाही. ताण होताच. पण दमलेल्या माणसाला उर्दू वाचता येतं असं मी कुठे ऐकलेलं नाही.

हमदानीसाहेब वाचले. काही आठवड्यांनी त्यांना रिहॅबमध्ये हलवलं, तेव्हा भेटायला गेलो. खुर्चीत बसले होते, बोलणं जवळजवळ पूर्वीसारखं. मला बघून म्हणाले, ‘‘आइए वझलवारसाहब.’’ मला इतकं हायसं वाटलं. जाताना त्यांच्या साप्ताहिकाचा ताजा अंक नेला होता, तो त्यांच्या हातात दिला.

त्यांनी बघितला आणि मांडीवर पालथा ठेवला.

सबा मला बाहेर घेऊन गेली. म्हणाली, ‘‘वाचता येत नाही त्यांना. दिसतं सगळं. पण अक्षर लागत नाही. उर्दू नाही, इंग्लिश नाही, काहीच नाही.’’ डॉक्टर म्हणाले होते, अशा स्ट्रोकमध्ये कधीकधी असं होतं, त्याला नावही आहे. विचित्र म्हणजे लिहिता येत होतं. माझ्यासमोर त्यांनी अख्खा परिच्छेद लिहिला, सुंदर वळणदार. मग कागदाकडे परक्यासारखे बघत राहिले आणि सबाला म्हणाले, ‘‘वाच बघू, काय लिहिलंय मी?’’

त्या गुरुवारबद्दल साहेबांना काही सांगू नका, अशी विनंती सबाने मला केली होती. मी ती मानली. पण पुढे उन्हाळ्यात एकदा त्यांच्या बाल्कनीत आम्ही दोघेच बसलो होतो. सबा चहा करायला आत गेली होती. तेच म्हणाले, ‘‘सबाने तुम्हाला गप्प बसवलंय ना? मला ठाऊक आहे. भिंती पातळ आहेत इथल्या. सांगा.’’

मी सगळं सांगितलं.  संपल्यावर मी विचारलं, ‘‘तुम्हाला काही आठवतं का साहेब? स्वप्न वगैरे?’’

‘‘काही नाही. काळोख होता.’’

मग त्यांनी विचारलं, ‘‘चष्मा नव्हता म्हणता?’’

‘‘नव्हता.’’

‘‘अडखळत होता का?’’

‘‘नाही साहेब. एकदम भराभर वाचत होता.’’

मीही ‘होता’ म्हणून गेलो, दुसऱ्याच कोणाबद्दल बोलावं तसं. त्यांनी मान हलवली. डोळे भरले होते, पण तोंडावर थोडं हसू होतं. खाली रस्त्यावरून गाड्या जात होत्या, पलीकडच्या दुकानाच्या मोठ्या पाटीकडे ते बघत होते, जिच्यावर काय लिहिलंय ते त्यांना कळत नव्हतं.

‘‘परत आला प्रेसमध्ये,’’ ते म्हणाले, ‘‘तर त्याला सांगा, काम झालं तुझं. आता घरी ये.’’

मी म्हटलं, ‘‘सांगतो.’’

ते आणखी दोन हिवाळे राहिले. लिहीत राहिले, सबा वाचून दाखवत राहिली. ते गेल्यावर साप्ताहिक बंद पडलं, मग एकेक करत इतरही, आणि शेवटी आमची प्रेसही. मी आता एका वेअरहाउसमध्ये आहे. त्या दुपारचं स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हाही नव्हतं, आजही नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर लिहा, मी वाद घालणार नाही.

एवढंच सांगतो, प्रेस बंद होईपर्यंत गुरुवारी दुपारी दार वाजलं की माझी मान वर जायची. निरोप तोंडपाठ होता. कधी कुरियरवाला असायचा, कधी जाहिरातवाला. तो मात्र आला नाही.