घुगरीची चूक

टीव्हीतल्या चुका काढाव्यात तर आमच्या तांड्यातल्या रूपाबाईनं. बाई शाळेची पायरी चढली नाही, पण नजर अशी की भल्याभल्यांची दांडी गुल. सेनगावकडं आमचा तांडा. यंदा निजामाच्या काळातल्या लमाणांवर एक मालिका लागली आणि रोज संध्याकाळी धर्मसिंगच्या घरात अर्धा तांडा जमू लागला. मालिका निमित्ताला, ऐकायचं असे ते रूपाबाईला.

पडद्यावर सोयाबीनचं रान दिसलं, तर म्हणाली, "निजामाच्या राज्यात सोयाबीन कुठून आलं रे? ते तर माझ्या डोळ्यांदेखत आलं." एका भांडणात नायकाचा लाल फेटा मध्येच हिरवा झाला, तेव्हा म्हणाली, "भांडता भांडता बाजार करून आला वाटतं!"

पण तिचा खरा मान वेगळाच. तांड्यात लग्न लागलं की नवरीच्या केसांत, कानापाशी चांदीची घुगरी बांधायची ती रूपाबाईनं. आणि नवरा गेला की उतरवायची तीही तिनंच. सात महिन्यांपूर्वी तिचा एकुलता एक लेक प्रेमदास विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. सून पूजा चोवीस वर्षांची. "याडी, घुगरी राहू द्या," म्हणत ती सासूच्या पाया पडत होती. याडी म्हणजे आई; सगळा तांडाच रूपाबाईला याडी म्हणतो. रूपाबाईनं घुगरी उतरवली. आम्ही सगळे तिथंच उभे होतो आणि कोणी तोंड उघडलं नाही, याची मला अजून लाज वाटते. तेव्हापासून पूजा चारचौघांत मान वर करत नसे. टीव्हीला यायची, तर दाराच्या चौकटीपाशी बसायची.

त्या संध्याकाळी मालिकेतला नायक मेला. बायकांनी नायिकेची घुगरी उतरवली, रडारड झाली. पुढच्याच दृश्यात ती विहिरीवर पाणी भरत होती आणि घुगरी होती तिथंच, कानापाशी लोंबत होती.

एकच हशा पिकला. "याडी, धर की चूक!" धर्मसिंग ओरडला.

रूपाबाईनं चौकटीपाशी बसलेल्या पूजाकडं पाहिलं. मग म्हणाली, "चूक न्हाई. बराबर हाय."

"काहून? आत्ताच तर उतरवली!"

"उतरवली. मंग तिच्या सासूला पस्तावा झाला असंल."

रूपाबाई उठून घरी गेली आणि कापडाची पुरचुंडी घेऊन आली. दारात पूजासमोर बसून तिनं पुरचुंडीतून घुगरी काढली.

"लोक नावं ठेवतील, याडी," पूजा पुटपुटली.

"ठेवू दे. चूक त्या दिवशी झाली, पोरी. आज न्हाई."

उभ्या जन्मात किती नवरींना घुगरी बांधली त्या बाईनं, पण आज गाठ काही बसेना. शेवटी धर्मसिंगची बायको मोतीबाई उठली, पूजाजवळ खाली बसली आणि तिनं ती गाठ मारून दिली. पूजानं मान वर केली, तेव्हा खाली बघायची पाळी आमची होती.